इथे एक पोटमाळा निघतो

चाळीत वाढलेला आणि बाहेरच्या जगात न मावणारा एक मामा प्रत्येक मराठी घरात असतोच. त्यामुळे ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. जागा घालवलेली त्यालाही खपत नाही.

आमच्याकडे हे पद माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांकडे आहे. कुणाच्याही घरात शिरले की मामा आधी चपला काढतात आणि लगेच मान वर करतात. यजमानाला वाटतं, पंखा आवडला. मामा उंची मोजत असतात. पाणी येईपर्यंत हिशेब झालेला असतो. मग पेला खाली ठेवून, तोंड पुसून, निकाल: ‘‘इथे एक पोटमाळा निघतो.’’

डोंबिवलीतल्या आमच्या वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणत होते तेव्हा मामा आढ्याकडे बघत होते. आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘जावईबापू, खाली साडेसहा, वर तीन. दोन पोरं आरामात झोपतील.’’

‘‘मामा, आम्हाला एकच आहे.’’

‘‘आज एक आहे.’’

बायको तेव्हा त्रेचाळीसची होती. ती लाजली नाही.

घरापुरतं असतं तर चाललं असतं. पण मामांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखाली उभं करा, लोक कोरीवकाम बघतात, मामा हळहळतात. मंगल कार्यालयात अंतरपाट धरलेला असताना त्यांची नजर झुंबराच्याही वर. एकदा गिरगावात ओळखीच्या घरी मयताला गेलो होतो. जुनं बांधकाम, उंची बक्कळ. मामांची मान वर जायला लागली तसा मी त्यांचा दंड धरला. त्यांनीही संयम पाळला. तेराव्यापर्यंत. तेराव्याला जेवणं झाल्यावर दोघे मुलगे जागेवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामा हात धुऊन मध्ये पडले. ‘‘भांडता कशाला? इथे एक पोटमाळा निघतो.’’ संताप याचा येतो, की तो निघाला. धाकटा भाऊ अजून वर राहतो आणि मामांना दिवाळीला फराळ पाठवतो.

विजापूरचा गोल घुमट ही मामांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी जखम. मोहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ च्या सुमाराची. आत एकही खांब नसलेली साधारण अठरा हजार चौरस फुटांची मोकळी जागा. गाइडने आकडा सांगितला आणि मामांनी तिथल्या तिथे भागाकार केला. ‘‘आमच्या ११२ खोल्या झाल्या. एका माणसाला?’’ प्रतिध्वनी ऐकायला वर गेलो. लोक टाळ्या वाजवून बघत होते. मामा सज्जाचा कठडा चाचपत म्हणाले, ‘‘निदान हा एक पोटमाळा तरी काढलान. पण किती वर!’’ ते वाक्य घुमटाने पुन्हापुन्हा ऐकवलं. शेवटी गाइडलाच दया आली. त्याने सांगितलं, राजा एकटा नाही, दोन बायका, प्रेयसी रंभा, मुलगी आणि नातूही इथेच आहेत. मामांचा चेहरा निवळला. ‘‘मग ठीक आहे. खटलं मोठं होतं.’’

आता हा माणूस असा का, तर तो वरळीच्या बीडीडी चाळीतला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. सुरुवातीला तिथे राहायला माणसं मिळत नव्हती. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि त्यात सत्याग्रही भरले. मामा हे फार अभिमानाने सांगतात. वर पुस्ती जोडतात, ‘‘पण त्यांना पोटमाळा नव्हता.’’

मामांच्या खोलीत होता. त्यांच्या वडिलांनी टाकलेला, कारण वडील गिरणीत आणि गाव कणकवलीकडे. म्हणजे घरची आठ माणसं, शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेली पोरं. पोरांना नोकरी लागायची, जागा लागायची नाही. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीत शिरायचा. ती कधी गार झाली नाही, असं मामा म्हणतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिने गेले तशी वरची माणसं एकेक करून ट्रंक घेऊन खाली उतरली आणि गावी गेली. पोटमाळ्यावर पहिल्यांदा मोकळं झालं. मामांना ते अजून आवडलेलं नाही.

पुढे त्या मोकळ्या जागेत माझी बायको बी.कॉम. झाली. कॉलेजसाठी चिपळूणहून आली ती थेट वर. बसलं तरी डोकं छताला टेकायचं. अजूनही कसल्या विचारात पडली की ती मान खाली घालते. लग्न ठरलं तेव्हा मला तो विनय वाटला होता.

मध्यंतरी माझ्या मुलाने मामांना फोनवर अमेरिकेतल्या चिमुकल्या घरांचे व्हिडिओ दाखवले. चाकांवरची लाकडी घरं, जिन्याच्या पायऱ्यांत खण, पलंगाखाली कपाट, वर झोपायला फळी. एक गोरं जोडपं ‘आम्ही कमी सामानात कसे सुखी झालो’ हे डोळे मिटून सांगत होतं. मामांनी चष्मा काढून पुसला. ‘‘हा पोटमाळा आहे!’’ ते ओरडले. ‘‘याचं कौतुक? याला आम्हाला लोक मुली देत नव्हते!’’ तिकडे चारशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला ‘चिमुकलं’ म्हणतात हे कळल्यावर त्यांनी त्या जोडप्याकडे श्रीमंताकडे बघावं तसं बघितलं.

त्यांचा राग घालवायला मी थोरोची गोष्ट काढली. १८४५ मध्ये हा लेखक माणूस वॉल्डनच्या तळ्याकाठी स्वतः झोपडी बांधून राहिला आणि साधेपणासाठी जगभर गाजला.

‘‘केवढी होती?’’

‘‘दहा बाय पंधरा.’’

‘‘दीडशे. आमच्यापेक्षा दहा फूट कमी,’’ मामा आदराने म्हणाले. ‘‘माणसं किती?’’

‘‘एकटाच.’’

आदर गेला. ‘‘सामान?’’

‘‘पलंग, टेबल, तीन खुर्च्या.’’

‘‘एकट्याला तीन? भिंतीला टांगायच्या एक-दोन.’’

‘‘आणि वर एक माळा होता,’’ मी म्हटलं. हे खरंच होतं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘माणूस वाईट नसावा.’’

मामांबद्दल मी इतपतच म्हणायला तयार झालो असतो. पण २६ जुलै २००५ आडवी येते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, आणि फोर्टातून चालत निघालेला मी भिजून मामांच्या दारात. एकटा नाही, मागे आमचं अर्धं ऑफिस. माझ्या तोंडातून ‘जागा होईल का?’ निघालं आणि मामा दुखावले. त्यांनी सगळ्यांना पॅसेजमध्ये उंचीप्रमाणे उभं केलं. बायका मामींबरोबर पोटमाळ्यावर. उंच माणसं तिरकी, पाय कॉटखाली. आमचे साहेब पाच फूट दोन इंच, त्यांना मोरीच्या कट्ट्याशी. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. ‘‘गुडघे मोडा, सरळ कुणी झोपायचं नाही.’’ कूस एकट्याने बदलायची सोय नव्हती. रात्री कधीतरी अंधारातून मामांचा आवाज आला, ‘‘सगळे डावीकडे!’’ आणि साहेबांसकट सगळे डावीकडे वळले. ऑफिसात इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. मामांचा आवाज दारापलीकडून कसा येतोय, हे मला पहाटे जिन्यात त्यांच्यावर पाय पडला तेव्हा समजलं.

चाळ पाडली. मामी त्याआधीच गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, त्यात मामाही. चाळीस मजली टॉवर, ५०० चौरस फूट, मालकीचं. संडास घरात. मामा अजून पहाटे पाचला उठतात, नंबर लावायला.

पोटमाळा या वेळी त्यांनी स्वतःच काढला नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याने वडिलांना सुखात ठेवायचं म्हणून हॉलला फॉल्स सीलिंग करून दिलं. ते बघायला आम्ही गेलो तेव्हा मामा स्टुलावर चढून वरच्या फटीत पट्टी घालत होते.

‘‘सात इंच,’’ ते म्हणाले. ‘‘वर काय ठेवायचं?’’

‘‘काही नाही मामा, शोभा असते.’’

‘‘म्हणजे पोटमाळा आहे, पण रिकामा.’’

‘‘हो.’’

‘‘आणि याला पैसे पडले?’’

मी आकडा सांगितला नाही. चहा झाल्यावर मामांनी आतली खोली दाखवली. गादीवर अजून प्लॅस्टिक होतं. नातेवाईक येतात, व्ह्यू बघतात, सी-लिंकचे फोटो काढतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. सगळ्यांचीच घरं मोठी झाली. ‘‘वस्तीला कुणी राहत नाही हो,’’ मामा म्हणाले आणि लगेच पंख्याच्या उंचीबद्दल बोलायला लागले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. माझ्या मुलाला लोअर परळला नोकरी लागल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं.

‘‘डोंबिवलीहून रोज लोंबकळत कशाला येतोय? इथे राहू दे.’’

‘‘मामा, तुम्हाला उगाच त्रास. अडचण होईल.’’

‘‘अडचण कसली? जागा करावी लागते, जावईबापू. करू काहीतरी.’’ पाचशे फुटांत एकटे राहणारे मामा जरा थांबले. पलीकडे हिशेब चालला असावा. ‘‘उंची किती झाली त्याची?’’

‘‘पाच-दहा.’’

‘‘मग गुडघे मोडावे लागतील. सांगून ठेवा त्याला.’’