भाकरी कधी थापायची?

आमच्या टीममध्ये सध्या एकच वाद पेटलाय : ऑब्जेक्ट कधी तयार करायचा? सर्व्हर सुरू होतानाच, की कुणी मागेल तेव्हा? पुण्यातली मंडळी यावर तास तास बोलतात, पडद्यावर बाण काढून दाखवतात. मी सोलापुरात घरी बसून काम करतो आणि दुपारी जवळच्या एका खानावळीत जेवतो. तिथल्या काकूंनी हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. फक्त त्याचं प्रेझेंटेशन केलेलं नाही.

आधी मूळ भानगड. मार्टिन फाउलर या गृहस्थांनी जानेवारी २००४मध्ये एका लेखातून ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केलं. मतलब एवढाच की, ऑब्जेक्टला जे काही लागतं ते त्यानं स्वतः बनवत बसू नये. बाहेरून कुणीतरी आणून द्यावं. गिऱ्हाइकानं बाकावर बसावं, ताट समोर येईल. आत कोण थापतंय, कोण भाजतंय, याची चौकशी करू नये. त्या ‘आत’ला आम्ही कंटेनर म्हणतो.

आता आतला कारभार बघा. शेंगदाण्याची चटणी एकदाच कुटली जाते आणि दिवसभर सगळ्या टेबलांना तीच फिरते. हा सिंगलटन. आमटीची वाटी ताटागणिक वेगळी, पण त्या ताटापुरती एकच. भाकरी तिच्यातच बुडवायची आणि भातही तिच्याच जिवावर. हा स्कोप्ड. आणि तव्यावरची मऊ भाकरी मागाल तेव्हा नवी. हा ट्रान्झियंट.

इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते चटणी कुटायची कधी, यावर. स्प्रिंग नावाचं फ्रेमवर्क म्हणतं, सिंगलटन आहे ना, मग दार उघडायच्या आधीच कुटून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचा स्वभाव निवांत : पहिलं गिऱ्हाईक ‘चटणी’ म्हणालं की मग उखळ शोधायचं. गूगलच्या ‘ज्यूस’ नावाच्या फ्रेमवर्कनं मधला मार्ग काढला. डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे घरातल्या घरात, मागितल्यावर करायचं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे चार लोकांसमोर, सगळं आधीच तयार. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपल्याकडेही हेच चालतं.

हे सगळं मी एकदा काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी भाकरी उलटवत शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे डब्यात दाणेच नाहीत, हे तुमच्या त्या निवांत माणसाला कळणार कधी?”

“पहिल्यांदा कुणी मागितल्यावर.”

“गिऱ्हाइकाच्या तोंडावर?”

“हो.”

“आणि पगार किती देतात रे तुला?”

मी ताटाकडे बघितलं. तासाभराच्या मीटिंगमध्ये कुणाला न सुचलेला मुद्दा होता तो. आम्ही वेळ किती वाचतो, मेमरी किती लागते, याचे हिशेब घालत बसलो होतो. खरा प्रश्न वेगळाच : काय कमी आहे, ते कधी कळलेलं बरं? डेटाबेसचा पासवर्ड चुकला असेल, तर आधीच तयारी करणारा सर्व्हर सकाळी उठायलाच नकार देतो. शिव्या बसतात, पण घरच्यांच्या. मागितल्यावर करणारा सर्व्हर हसतमुखानं उठतो आणि भर दुपारी गिऱ्हाइकासमोर हात वर करतो.

आगाऊ तयारीचं टोक म्हणजे आमची कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, कडा उचललेल्या, पिवळसर डाग पडलेली. मोडली की शेजारच्या टेबलावर आवाज जातो. आमटीत चुरा, मूठभर कांदा, विषय संपला. आठवडेच्या आठवडे टिकते. पण काकू सगळ्याच भाकऱ्या कडक करत नाहीत. सगळंच आधी करून ठेवायचं तर पहाटे दोनला उठावं लागेल आणि खानावळ उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जेवून ढेकर देत असेल. याच तक्रारीपायी २०१९मध्ये स्प्रिंग बूट २.२मध्ये एक खटका आला : दाबला की सगळंच मागितल्यावर.

एकेकाला ‘लेझी’ अशी चिठ्ठी लावायची सोय त्याआधीपासून होतीच. पण तिच्यात गंमत आहे. पाणी भरणाऱ्या पोराला तुम्ही सांगितलं, ‘सावकाश ये’. मात्र पहाटे पीठ मळणाऱ्या मावशींना पाणी लागतंच. मग त्या पोरालाही पहाटेच उठवलं जातं. चिठ्ठी शाबूत, झोप गेली. आमच्या कोडमध्ये अशी कितीतरी आळशी पोरं पहाटे डोळे चोळत उभी आहेत.

याहून वाईट म्हणजे एका ताटासाठी काढलेली आमटी कुणीतरी चटणीच्या बरणीत ओतून ठेवणं. बरणी दिवसभर फिरणार, आणि पहिल्या गिऱ्हाइकाची आमटी संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला मिळणार. मार्क सीमन यांनी या प्रकाराला ‘कॅप्टिव्ह डिपेंडन्सी’ म्हटलंय. डेव्हलपमेंटमध्ये डॉटनेट हे पकडतं आणि बोंब मारतं. काकू बोंब मारत नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त लागतं.

आणि शेवटचं दुखणं : एक म्हणते, “तू तवा तापव, मग मी थापते,” दुसरा म्हणतो, “तू थाप, मग मी तापवतो.” स्प्रिंग बरीच वर्षं अशा जोड्यांचं भांडण गुपचूप मिटवत होतं. २०२१मध्ये स्प्रिंग बूट २.६ आलं आणि डिफॉल्टनंच म्हणालं, तुमचं तुम्ही मिटवा, तोवर खानावळ बंद.

आमच्या टीमचंही एकदाचं ठरलं : ज्याच्यावाचून धंदाच होत नाही ते सगळं सुरुवातीलाच तयार करायचं, क्वचित लागणारं मागितल्यावर. परवा मॅनेजरनं विचारलं, “सर्व्हर सुरू व्हायला हल्ली एवढा वेळ का लागतो?”

मी म्हटलं, “दाणे आहेत का बघतोय, साहेब.”

त्यांनी ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं. आता पुढच्या आठवड्यात ‘दाणे’ या विषयावर तासाभराची मीटिंग आहे.