बहार आला की ड्रोन

ड्रोन घेतलेला माणूस वेगळा आणि ड्रोन घेणार असलेला माणूस वेगळा. घेतलेला आपला कामाला लागतो. वरातीवर घिरट्या घालतो, नवरीच्या मामाचं टक्कल सगळ्या सोयऱ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवतो, एक दिवस मंडपाच्या झालरीत अडकून पडतो आणि विषय संपतो. घेणार असलेल्याचा विषय संपत नाही. आमच्या पांढुर्ण्यात असा एक आहे. सौसरला आणखी दोघं आहेत, हे तोच सांगतो आणि त्या दोघांना कशातलं काही कळत नाही, हेही तोच सांगतो. गाव त्याला ड्रोनभाऊ म्हणतं. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून आमचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गावाला नवं पद मिळालं, पण भाऊला त्याची पदवी त्याच्या आधीपासून आहे, तीही ड्रोन नसताना.

त्याचं बजेट चाळीस हजार. त्यातले काही त्याने खर्चही केले आहेत. उतरवायची गोल चटई घेतली, मेमरी कार्ड घेतलं, पाठीवर अडकवायची पिशवी घेतली आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. सगळी जमवाजमव झाली आहे, फक्त उडणारी वस्तू तेवढी बाकी आहे.

त्या काट्यापासून सगळा उपद्रव सुरू झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोनचे नवे नियम काढले. २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलो ‘मायक्रो’. २ ते २५ किलो ‘स्मॉल’. बाहेरच्या देशांतही रेघ अशीच २५० वर, म्हणून डीजेआय कंपनीने २०१९ मध्ये मॅव्हिक मिनी काढलं ते बरोबर २४९ ग्रॅमचं. जपानची रेघ तेव्हा २०० वर होती, तर त्यांच्यासाठी बॅटरी हलकी करून १९९ चं काढलं. जपानच्या रेघेशी जाम नदीकाठच्या माणसाचं काय अडलं होतं? पण हे आता सगळ्या टपरीला पाठ आहे.

तर २४९ हा आकडा भाऊच्या अंगात आला. टपरीवर आलुबोंडा आला की आधी काट्यावर. “पंच्याण्णव. म्हंजे अडीचक आलुबोंडे.” संत्रं काट्यावर. “सव्वाशेच्या आतबाहेर. दोन संत्री, एक ड्रोन. हातात धरून पाहा जी, वजन समजते.” मंडीत संत्र्याची गाडी लागली की व्यापारी भाव काढतो, हमाल क्रेट मोजतो आणि भाऊ मनातल्या मनात ड्रोन मोजतो. नात्यात बारसं होतं. बाळाचं वजन आजीने कौतुकाने सांगितलं, तीन किलोला थोडं कमी. भाऊने पाळण्यात वाकून पाहिलं. “मायक्रोत बसत नाही. स्मॉल हाय.” बाळाच्या आजीने त्यानंतर त्याला वर्षभर घरात घेतलं नाही, असं म्हणतात. मला आजीचं चुकलं असं वाटत नाही.

वहिनींच्या बचत गटाने पापडांचा उद्योग काढला तेव्हा काटा त्यांच्याकडे गेला आणि गावाला वाटलं, सुटलो. पुड्या पाव किलोच्या होत्या. भाऊने एक उचलली, तोलून पाहिली, आणि गंभीरपणे सांगितलं, “एक ग्रॅम कमी भरा. परवान्याची कटकट नको.”

त्याला ड्रोन हवं कशाला, हे विचारलं की उत्तर एकच: गोटमार. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. दिवसभर दगड चालतात, झाड तोडून आणायचं आणि चंडीमातेला वाहायचं. पळून जाणाऱ्या पोरापोरीची कथा सांगतात, पोरगा इकडचा, पोरगी तिकडची. डोकी दरवर्षी फुटतात, माणसंही गेली आहेत. हे सगळं वरून पाहायचं, असं भाऊचं स्वप्न. पण मग प्रश्न आला, दगड किती उंच जातो?

इथे त्याचा अभ्यास सुरू झाला. हाताने फेकलेला किती, गोफणीचा किती. गोफणीला बंदी आहे, “पन हिशोबात धरा लागते.” तो दोन्ही काठांवरच्या जुन्या खेळाडूंकडे वही घेऊन गेला. उंची कोणी सांगितली नाही. प्रत्येकाने टोपी काढून खोक दाखवली. सावरगावच्या एका म्हाताऱ्याच्या टाळूवरची खूण पाहून भाऊने पेन काढलं.

“बाबाजी, हा गोटा किती उंचीवरून आला असन?”

“मले काय मालूम? मी खाली होतो ना बे.”

वहीत त्यापुढे रेघ आहे. शेवटी नियमात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, तेवढ्या उंचीवर दगड पोचणार नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. मग कोणीतरी आठवण दिली की त्या दिवशी बंदोबस्त असतो आणि वर प्रशासनाचंच ड्रोन फिरतं. भाऊ परवानगी विचारायला गेला. हवालदाराने विचारलं, कोणतं ड्रोन आहे? “घ्यायचं हाय अजून,” भाऊ म्हणाला. हवालदाराने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन तो स्वतःच करतो, आणि हसतो. हे त्याचं एक बरं आहे.

बाकी त्याला कोणी ‘घेऊन टाका ना भाऊ’ म्हटलं की तो चिडतो. “घेऊन टाका म्हंजे? वांगे हायेत का?” मग दोन चहा होईस्तोवर सुटका नाही. आणि पंचाईत अशी की तो जे सांगतो ते खरं असतं. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहू नका, सेन्सर केवढा ते पाहा. गिंबल तीन अक्षांचा हवा, नाही तर चित्र थरथरते. जीपीएस पाहिजेच, सिग्नल तुटला तर घरी परत येणारं पाहिजे. खोक्यावर ३१ मिनिटं लिहिलेलं असते ते बिनवाऱ्याचं, आपल्या इथे वीस-बावीस धरा. ताशी ३८ किलोमीटर वारा सोसतं असं लिहिलं म्हणून अशा वाऱ्यात उडवून पाहू नका. आणि चाळीस हजारांचं बजेट म्हणजे ड्रोन तीसचं. “दहा ठेवा लागते. दुसऱ्या बॅटरीचे, पात्यांचे, अन् एकदा पडन त्याचे.”

एकदा पडेल त्याचेही पैसे बाजूला काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यात ९ फेब्रुवारी २०२२ ला सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन सोडून. भाऊने महिनाभर सुतक पाळलं. देशी ड्रोन निघतात, शेतीची, मोजणीची, चांगली निघतात. पण चाळीस हजारांत तसा कॅमेरा, तसा गिंबल आणि वर २४९ ग्रॅम म्हटलं की भाऊचा घसा कोरडा पडतो. नागपूरच्या एका दुकानात काचेखाली हवं ते मिळत होतं. भाऊने बिल मागितलं. दुकानदाराने पंख्याकडे पाहिलं. भाऊने वॉरंटी विचारली. दुकानदाराने पुन्हा पंख्याकडे पाहिलं. भाऊ संध्याकाळच्या गाडीने परत आला आणि म्हणाला, “वस्तू चोख होती. मानूस हवेत होता.”

सौसरचा एक पोरगा मात्र यातून वाचला. बारावी झालेला, जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला आलेल्या गर्दीचे व्हिडिओ काढून नाव करायचं त्याच्या डोक्यात. त्याने साडेपाच हजारांचं ड्रोन मोबाईलवर पसंत केलं होतं, खोक्यावर हे मोठ्ठं ‘४के’. तो भाऊकडे आशीर्वादाला आला. भाऊने चष्मा लावला, फोटो मोठा करत करत खोक्याच्या बुडाशी गेला, तिथे बारीक अक्षरांत खरा कॅमेरा ७२०पी लिहिला होता. बाकीचं सॉफ्टवेअरने फुगवलेलं. जीपीएसचं नाव नाही. “हे ड्रोन नाही रे, बिनदोरीची पतंग हाय. जिकडं वारा तिकडं सावनेर.” आणि देवळावर, गर्दीवर उडवायचंच नाही, पातं कोणाच्या डोळ्यात गेलं तर हनुमानजीही सोडवणार नाही, हे वेगळं सुनावलं. पोरगा रुसून गेला. पुढे त्याने सौसरच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडे काम धरलं, त्याच्या ड्रोनवर हात बसवला, आता तोच उडवतो. भाऊला फोन करून वारा विचारतो. भाऊ खिडकीतून हात बाहेर काढून सांगतो.

चिडचिड व्हायची ती मला याचीच. एवढं कळतं, मग घेत का नाही? नुसता चघळत बसणारा माणूस आहे, असं माझं मत झालं होतं आणि मी ते टपरीवर बोलूनही दाखवत असे. खरी गोष्ट वहिनींकडून कळली. चाळीस हजार दरवर्षी जमतात. आंबिया बहाराची संत्री गेली की भाऊ नोटा वेगळ्या काढतो, पाकिटावर चक्क ‘उड्डाण’ लिहितो. एका वर्षी विहिरीवरची मोटार जळाली. एका वर्षी फळगळ अशी झाली की झाडाखाली पिवळा सडा आणि व्यापारी फिरकायला तयार नाही. मग मुलीचं नागपूरला कॉलेज, वसतिगृह. पाकीट दरवर्षी भरलं आणि दरवर्षी घरातच कुठे ना कुठे उतरलं. त्याबद्दल तो टपरीवर चकार शब्द काढत नाही. तिथे तो सेन्सरवर बोलतो.

मुलगी बापावर गेली आहे, पण वाचते पूर्ण. सुटीत आली आणि नियम उघडून बसली. म्हणाली, “बाबा, हौसेसाठी उडवायचं असेल तर मायक्रोलाही परवाना लागत नाही. दोन किलोपर्यंत. व्यावसायिक असेल तरच लागतो.”

घरात शांतता. इतक्या वर्षांचं २४९ एका वाक्यात गेलं. भाऊने पाणी मागितलं.

“पन लग्नाचं शूटिंग केलं त कमर्शियल झालं ना.”

“तुम्ही कोणाच्या लग्नाचं करणार?”

“तुह्या.”

“मग त्याचे पैसे घेणार आहात का माझ्याकडून?”

भाऊने काटा उचलून आत नेऊन ठेवला.

आणि मग जे झालं ते कोणाच्याच बजेटमध्ये नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली होती, देशभरातल्या १५,००० बचत गटांना फवारणीची ड्रोनं, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. पापडवाल्या गटाचं नाव लागलं, आणि गटाने प्रशिक्षणाला पाठवलं वहिनींना. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, पाच दिवस उडवायचं, दहा दिवस खत-औषध फवारायचं. वहिनी गेल्या, परवाना घेऊन आल्या. पाठोपाठ टेम्पोतून खोकी आली. सहा हात, दहा लिटरची टाकी. भाऊ त्याच्याभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं, तोंडातून आपसूक निघालं, “स्मॉल.”

आता गावात ड्रोनवाली म्हणजे वहिनी. भाऊ म्हणजे बॅटऱ्या उचलणारा. पदवी गेली म्हणून तो खट्टू होईल असं आम्हाला वाटलं होतं. छे! सकाळी धुऱ्यावर उभा राहून हात वर करून वारा पाहतो, विजेच्या तारा कुठे आहेत ते बोट दाखवून सांगतो, वहिनींनी ते आधीच पाहिलेलं असतं. तुरीवर फवारायला बोलावणाऱ्याला तो बिनचूक पावती देतो. नागपूरच्या त्या दुकानदाराला कोणीतरी दाखवायला पाहिजे.

पहिल्यांदा स्वतःच्या बागेवर औषध मारायचं होतं, त्या दिवशी मी होतो. रिमोटवर हातभर नव्हे, तळव्याएवढा पडदा. ड्रोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातलं चित्र, रंग उडालेले, उन्हात निम्मं दिसत नाही. भाऊ वहिनींच्या खांद्यावरून वाकला. बाग पडद्यावर आली. ओळी, मधले आडवे बोध, विहिरीचा काळा गोल, आणि तिसऱ्या ओळीत दोन भगदाडं, वाळलेल्या झाडांची. खालून चालताना ती ओळीत लपतात.

“गिंबल नाही याले,” भाऊ म्हणाला. “सेन्सर त विचारूच नका.”

“तुमी सरका, मले बटन दिसत नाही.”

“७२०पी असन जास्तीत जास्त. जरा डावीकडं घे ना. तिकडं, बाबांनं लावलेली ओळ हाय ती. सावकाश घे.”

“औषध कवाच संपलं जी. उतरवू द्या आता.”

“बॅटरी किती हाय?”

“तीस टक्के.”

“मंग घे ना एक चक्कर,” भाऊ म्हणाला, “मी देतो एकराचे पैसे.”