निकाल राखून ठेवला आहे

२०१७च्या मे महिन्यात आमच्या फ्रीजवर तीन दिवस एक चिठ्ठी होती : ‘जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपला कोणीही हात लावू नये. झाकणही मिटू नये.’ ते तीन दिवस आम्ही चौघं जमिनीवर ताटं घेऊन जेवलो. घरातला एकुलता एक टेबलफॅन लॅपटॉपकडे तोंड करून फिरत होता. सांगलीतला मे ज्यांनी काढलाय त्यांना हा त्याग कळेल.

“एवढं काय शिजतंय त्यात?” आईने विचारलं.

“नाणी उडवतोय, असं समज.”

“तीन दिवस?”

“जवळजवळ बारा कोटी वेळा.”

“आणि हातात काय आलं?”

इतका मुद्देसूद प्रश्न पुढे तोंडी परीक्षेतही मला कोणी विचारला नाही.

पीएचडीसाठी मी एक संख्याशास्त्रीय कसोटी तपासत होतो. काहीही घडलेलं नसताना ती पाच टक्क्यांपेक्षा जास्त वेळा बोंब तर मारत नाही ना, हे बघायचं होतं. त्यासाठी १२ प्रकारची बनावट आकडेवारी, प्रत्येकीच्या १०,००० फेऱ्या आणि दर फेरीत ९९९ वेळा पुन्हा नमुना काढणं. एकूण ११ कोटी ९८ लाख ८० हजार. रविवारी सकाळी ‘आर’ या भाषेच्या खिडकीत बारा आकडे उमटले. सगळे पाचाच्या आसपास, शहाण्या मुलांसारखे. मी चहा टाकायला सांगितला आणि खिडकी बंद केली. बंद होता होता आरने विचारलं, हा सगळा पसारा जतन करू का? मी ‘नाही’ म्हटलं.

हे ‘नाही’ अडाणीपणातून आलेलं नव्हतं, तत्त्वातून आलेलं होतं. ‘हो’ म्हटलं की आर सारा पसारा एका फाइलीत कोंबते आणि पुढच्या वेळी तो जसाच्या तसा पुढ्यात मांडते. मग गेल्या महिन्यातला कुठला तरी आकडा आजच्या गणितात गुपचूप शिरतो. म्हणून मी वर्गात दरवर्षी सांगतो, तिथे कायम ‘नाही’ म्हणा. त्याआधी हवं ते स्वतःच्या हाताने फाइलीत ठेवा, हे पुढचं वाक्य सांगायच्या वेळी बहुतेक तास संपलेला असायचा. बारा आकड्यांपैकी मला दोन आठवत होते.

त्या दुपारी मला विल्यम गॉसेट फार आठवला. गिनीजच्या बिअरच्या कारखान्यातला हा नोकर. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली त्याने जो निबंध लिहिला, त्यासाठी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. वीज नाही, पंखा नाही, फ्रीजवर चिठ्ठी नाही. पण एकेक तुकडा उचलला की त्यावरचे आकडे तो वहीत उतरवून घेत होता. वहीत! माझ्याकडे टेराबाइटभर जागा होती आणि दोन आकडे होते.

टेबल आणखी तीन दिवस गेलं. या वेळी मी ‘सेव्ह’ची आज्ञा दिली आणि जतन कसं करावं याचा आदर्श नमुना म्हणून ती फाइल एमएस्सीच्या सगळ्या वर्गाला पाठवूनही दिली. आत एकच वस्तू, तिचं नाव ‘निकाल’.

‘सेव्ह’चा स्वभाव असा की ती वस्तू नावासकट ठेवते, आणि ‘लोड’ म्हटलं की ती त्याच नावाने घरात येते. त्या नावाचं कोणी आधीच बसलेलं असेल तर त्याला उठवून, चकार शब्द न काढता त्याच्या जागेवर बसते. जुलैत मी सुधारलेल्या कसोटीचे नवे आकडे ‘निकाल’ याच नावाने काढले आणि जुन्यांशी ताडून पाहावेत म्हणून जुनी फाइल लोड केली. दोन्ही तंतोतंत जुळले. जुळणारच, समोर एकच उरलं होतं. ‘सेव्ह-आरडीएस’ ही आज्ञा त्या मानाने घरंदाज. ती वस्तू एकटी ठेवते, बारशाआधीच्या बाळासारखी. नाव वाचणाऱ्याने ठेवायचं.

मग मी शहाणा झालो. बाराही प्रकारांच्या बारा वेगळ्या फाइली केल्या आणि प्रोग्रॅमला शिकवलं : फाइल आधीपासून असेल तर वाच, नसेल तरच राब. आता मध्येच वीज गेली तरी झालेलं काम शाबूत. मी खूश, बायको खूश, टेबल मोकळं. ऑगस्टमध्ये मी कसोटीचं सूत्र बदललं. पूर्वी तीन दिवस घेणारं काम चार सेकंदांत आटोपलं आणि निकाल आधीसारखाच, सहाव्या दशांशापर्यंत. सूत्र बदलूनही निकाल जराही हलत नाही, ही माझ्या कसोटीची ताकद आहे, असा दीड पानांचा मजकूर मी प्रबंधात लिहिला. मार्गदर्शक सरांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, “अहो, जुन्या फाइली पुसल्या होत्यात ना?”

त्या दीड पानाची फाइल मात्र मी जतन केलेली नाही.

सर म्हणाले, निकालापेक्षा कृती जपा आणि सीड जपा. यंत्राला नाणं उडवता येत नाही. एका आकड्यापासून सुरुवात करून ते बेशिस्त दिसणारे पाढे म्हणत जातं, आणि तो सुरुवातीचा आकडा म्हणजे सीड. तो तोच दिला की पाढेही तेच. पूर्वी हे आकडे छापावे लागत. रँड कॉर्पोरेशनने १९५५ साली दहा लाख यादृच्छिक अंकांचं पुस्तकच काढलं, आणि मजकुराचं स्वरूप पाहता प्रत्येक पानाची मुद्रितं तपासण्याची गरज वाटली नाही, असं प्रस्तावनेत कबूलही केलं. मराठी प्रकाशकांपैकी काहींनी हे धोरण सगळ्याच पुस्तकांना लावलेलं दिसतं.

सीड म्हणून मी आमच्या लग्नाची तारीख घातली. (ती इथे देत नाही, बँकेचा पासवर्डही तोच आहे.) “अहो, त्यात पण माझी आठवण?” म्हणून बायको विरघळली. एका प्रकारात ५.३ टक्के आले, तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं, सीड बदलून बघा, ४.९ मिळेपर्यंत. पण लग्नाची तारीख बदलता येत नाही. माझ्या संशोधनातल्या प्रामाणिकपणाचं श्रेय एवढंच.

२०१९च्या एप्रिलमध्ये आरची ३.६.० ही आवृत्ती आली. ‘सँपल’ या नमुना काढणाऱ्या आज्ञेच्या जुन्या पद्धतीत मोठ्या संख्यांच्या बाबतीत किंचित पक्षपात व्हायचा, म्हणून ती बदलली होती. मी प्रोग्रॅम नव्याने चालवला. तारीख तीच, माणसं तीच, निकाल वेगळा.

“एवढ्या वर्षांत तुमच्यात पण तेवढा फरक पडलाय,” बायको म्हणाली.

जुन्या पद्धतीने वाग, असं आरला सांगता येतं. ती ऐकतेही, पण सोबत ताकीद देते की हे काही समन्यायी नाही. तेव्हापासून प्रत्येक निकालाशेजारी मी सीड, आरची आवृत्ती आणि प्रोग्रॅमची प्रत ठेवतो.

२०१७च्या एमएस्सीच्या वर्गाला एक विनंती आहे. ‘निकाल’ ही फाइल अजून कोणाकडे असेल तर कृपया उघडू नका. उघडायचीच असेल, तर आधी स्वतःच्या निकालाचं नाव बदलून घ्या.