भाकरी थापणार कोण?

शाकाहारी घरातली भांडणं भाजीवरून होतात असा बाहेरच्यांचा समज असतो. भाजीचं काय, मंडईत जी ताजी आणि परवडणारी ती पिशवीत येते आणि तिच्याबद्दलची कुरकुर दोन घासांत संपते. खरं राजकारण धान्याचं. मासेखाऊ घरात भाताला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. शेजारी कालवण असलं की तो निवांत पांढरा राहू शकतो. आमच्यासारख्या वरण-उसळ-पिठल्याच्या घरात मात्र धान्यालाच किल्ला लढवावा लागतो. त्यामुळे गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांतलं आज कोण, हा प्रश्न नुसत्या चवीचा राहत नाही. त्यात रक्तातली साखर येते, पोटातला वायू येतो, माहेरचा अभिमान येतो आणि हल्ली मोबाइलवरचे डॉक्टरही येतात.

आमच्याकडे नानांना साखरेमुळे ज्वारी हवी. आत्या चिपळूणची, भात नसेल तर जेवण झालं असं ती धरतच नाही. चिरंजीव व्यायामशाळेत जातात, म्हणून त्यांना प्रथिनं हवीत आणि ती शक्यतो परदेशी असावीत. बायको सोलापूरची, म्हणजे पक्की भाकरीवाली. यावरून तिचं आणि नानांचं एकमत असेल असं वाटेल, पण तिथेच मेख आहे. एकदा जेवताना ठरलं की रोज रात्री भाकरीच करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, "अहो, ठराव पास करा, पण खाली थापणाऱ्याचंही नाव लिहा." त्यावर सभा तहकूब झाली.

धान्यांवर इतकं बोललं आणि लिहिलं जातं, पण हा मुद्दा कुणी काढत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, ही बातमी आता चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते. पण ग्लुटेन नाही म्हणजे पिठाला ताण नाही, म्हणजे ते लाटता येत नाही, म्हणजे कुणीतरी उभं राहून तळव्याने थापायचं, हे त्या बातमीत नसतं. गव्हाची कणीक सकाळी मळून ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाट बघते. ज्वारीचं पीठ कुणाची वाट बघत नाही. एका भाकरीपुरतं घ्यायचं, कढत पाण्याने भिजवायचं, परातीत तळव्याच्या टाचेने रगडायचं, लगेच थापायचं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. क्षणभर उशीर झाला की भेगा पडतात. मग थेट जाळावर धरली की टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. हे एकीचं झालं. पाच माणसांच्या घरात याला गुणिले करून बघा. आमच्या पोळीवाल्या मावशी पोळ्यांचा एक दर सांगतात आणि भाकरीचा वेगळा, चढा. मला तो दर अगदी रास्त वाटतो. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात त्याला एक रकाना असायला हरकत नाही.

माझ्याकडे खातं दळणाचं. गिरणीत उभं राहिलं की धान्याचं शास्त्र आपोआप कळतं. तिथे पहिला नियम असा की ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू. आधीच्या माणसाने काय टाकलंय हे बघूनच आपला डबा पुढे सरकवायचा, नाहीतर आधीच्याचा हरभरा आपल्या पिठात उतरतो. उपवासाच्या दळणाचा वार वेगळा, त्या दिवशी जातं धुऊनपुसून तयार. आमचा गिरणीवाला चिमटीत गरम पीठ चोळून बघतो आणि मगच डबा देतो. मी एकदा हौसेने मोठा डबा भरून ज्वारी नेली, तर म्हणाला, "काका, आठवड्यापुरतीच आणत जा. विरी गेली की भाकरी तुटणार आणि काकू मला बोलणार." विरी जाणं म्हणजे जुन्या पिठातला चिकटपणा संपणं. बाजरीचं तर त्याहून अवघड. तिच्यात स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ चार दिवसांत कडवट व्हायला लागतं. बाजारात सहा महिने टिकणारं बाजरीचं पीठ मिळतं तेव्हा मला त्या पिठापेक्षा त्याच्या मुदतीचं कौतुक वाटतं.

गंमत अशी की या धान्यांची पत कशी फिरली ते बघायला नाना अजून आहेत. त्यांच्या लहानपणी देशावरच्या खेड्यात गव्हाची पोळी म्हणजे सण किंवा पाहुणा. रोजची ती भाकरी, आणि तिच्याबद्दल कुणी अभिमानाने बोलत नसे. पुढे 1972 चा दुष्काळ पडला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळू लागली, लोक तिला मिलो म्हणत. तिची भाकरी नानांना आजही आठवते आणि आठवली की ते पाणी पितात. नंतर गहू मुबलक झाला, पोळी रोजची झाली, भाकरी मागे पडली. आता शहरातल्या हॉटेलात भाकरीचा दर चपातीपेक्षा जास्त असतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारने त्यांना 'श्री अन्न' म्हटलं, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. नाना पेपर वाचून म्हणाले, "तेव्हा आम्ही श्रीमंत होतो की काय!"

क्विनोआ आमच्याकडे चिरंजीवांमुळे आला. त्याच्यावर माझा राग नाही. दाण्याच्या सालीत कडवट फेसाळ द्रव्य असतं, ते खळखळून धुतलं की खिचडी बरी लागते. पण राजगिरा त्याचा भाऊबंद, दोघं एकाच कुळातले. दोघांतही ग्लुटेन नाही, प्रथिनंही साधारण सारखीच, आणि मूळ गाव दोघांचंही अमेरिका खंडात. फरक एवढाच की राजगिरा इथे येऊन लाडू-चिक्कीत रमला आणि क्विनोआ अजून पाहुण्यासारखा बरणीत बसून असतो.

हे ऐकल्यावर चिरंजीवांनी आत्याला गाठलं. राजगिरा उपवासाला चालतो, मग क्विनोआ का नाही? वर त्याने पुरावेच मांडले. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च, कसावा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा, मिरचीही अमेरिकेकडचीच. म्हणजे तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर एकादशीची खिचडी अख्खी परदेशी! शिवाय भगर ही तर चक्क तृणधान्य, वरी नाहीतर सावा, तरी तिला उपवासात मानाचं पान, आणि बिचाऱ्या नाचणीला बाहेर उभं केलेलं. आत्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "बटाट्याला येऊन दोन-तीनशे वर्षं झाली. तुझ्या त्यालाही तेवढं थांबू दे." मला हा निकाल धर्मशास्त्राला धरून वाटला.

नाचणीचा विषय निघालाच आहे तर तिचं एक काम सांगतो. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही जात नाहीत. पण हा आकडा सांगून कुठल्याही मुलाला नाचणी खायला घालता येत नाही. आमच्या मुलाने लहानपणी सत्त्व नाकारलं, भाकरीचा रंग बघून तोंड फिरवलं आणि ताकातली आंबील मात्र मीठ-जिरं घातल्यावर पेलाभर प्यायला. धान्य तेच, रूप बदललं. मला वाटतं घरातल्या निम्म्या वादांवर हाच तोडगा आहे. ज्वारी पचते, परवडते, साखरेला बरी, सगळं खरं. पण ती भाकरीच्याच रूपात आली पाहिजे असं कुणी सांगितलंय?

त्यावर बायकोने तिच्या आजोळच्या कण्या बाहेर काढल्या. ज्वारी भरडून आणायची, पीठ चाळून काढायचं, उरलेल्या कण्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी मीठ घालून कुकरला लावायच्या. निवल्या की वर घट्ट ताक आणि लसणीची फोडणी. आत्यालाही तो भाताच्या जवळचा प्रकार वाटला, म्हणून तिने हरकत घेतली नाही. नानांनी दोनदा वाढून घेतलं. नुसत्या तृणधान्यात लायसिन कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं, त्यामुळे शेजारी मटकीची उसळ ठेवली की चिरंजीवांच्या प्रथिनांचाही प्रश्न मिटला. वरण-भात जमवणाऱ्यांना लायसिन ठाऊक नव्हतं, पण ताट बरोबर लागलं होतं.

याहून मोठा तह म्हणजे थालीपिठाची भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरं, प्रत्येक वेगळं खमंग भाजून एकत्र दळलेलं. यात सगळ्यांचं धान्य आहे, गहू-उडदामुळे पीठ एकसंध राहतं, आणि थापायला हातखंडा लागत नाही. तव्यावरच बोटांनी पसरा, मधे भोकं पाडा, तेल सोडा. मलाही जमतं.

फक्त प्रमाणावर एकमत होईना. आत्याच्या भाजणीत तांदूळ सढळ, बायकोच्या भाजणीत ज्वारी. सध्या फडताळात दोन डबे शेजारी शेजारी आहेत, एक चिपळूणचा, एक सोलापूरचा. कुठल्या डब्यातलं थालीपीठ जास्त खुसखुशीत होतं यावर मी मत देत नाही. दोन्ही डबे गिरणीत मलाच न्यायचे असतात.