एकच शब्द, मास्तर!

आयर्लंडमधल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात एक निवृत्त मास्तर असतातच. कोटाच्या कॉलरवर सोनेरी कडीची बारीकशी पिन. तिला 'फॉन्ये' म्हणतात. 'मला आयरिश येतं, खुशाल बोला' असा तिचा अर्थ. बोलायला फारसं कोणी फिरकत नाही. 2022 च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे 18 लाखांवर निघाले, पण शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. बाकीच्यांना शाळेतलं एकच वाक्य पक्कं आठवतं, 'मला शौचालयात जायची परवानगी आहे का?' हीच मंडळी मास्तरांकडे येतात, तीही एका शब्दापुरती. कोणाला बंगल्यावर पाटी हवी, कोणाला बोटीला नाव, कोणाला दंडावर गोंदण.

'एकच शब्द, मास्तर. दोन मिनिटांचं काम.'

मास्तर खुर्ची पुढे ओढतात. शहाण्यानं इथेच उठावं.

'हिरवा' हवाय? कशाचा? गवताचा असेल तर 'ग्लस', डब्यातल्या रंगाचा असेल तर 'ऊन्ये'. आणि करडी मेंढीसुद्धा 'ग्लस'च, हे ध्यानात ठेवा. 'लाल'? दार लाल असेल तर 'जॅरग', केस लाल असतील तर 'रूअ'. 'सात'? सात काय? गाईंचे सात निराळे, माणसांचे सात निराळे. बोटवाल्याची तर कंबख्तीच. बोट म्हणजे 'बॉद', 'माझी बोट' म्हटलं की 'वॉद' आणि 'आमची' म्हटलं की 'मॉद'. 'म्हणजे आधी भागीदारीचं ठरवून या,' मास्तर सांगतात.

आजोबांचं गाव बघायला आलेला एखादा अमेरिकन तरुण बाही वर सारून बसतो. त्याला 'मी मुक्त आहे' असं गोंदवायचं असतं.

'तॉ मे सीर,' मास्तर म्हणतात. 'पण 'सीर' म्हणजे मुक्त, तसंच स्वस्तही. दंड उघडा टाकून बाजारात हिंडलास तर लोक भाव विचारतील.'

'मग 'प्रेम' द्या.'

'नाम की क्रियापद? आणि कोणावर? आईवर, बायकोवर की बटाट्यावर?'

आयरिशमध्ये प्रेम सहसा कोणी 'करत' नाही. ते माझ्यापाशी असतं, तुझ्यासाठी. माफी मागायची तर 'माझ्यावर दुःख आहे' म्हणायचं. ज्याला राग 'येतो', भूक 'लागते' आणि पैसे 'जवळ असतात', त्या मराठी माणसाला यात वावगं काही दिसणार नाही. पण इंग्रजीत वाढलेल्या पोराला वाटतं, म्हातारा उगाच घोळ घालतोय.

मग कपाटातून टोमॉस द वॉल्द्रिहे यांचा 1959 चा इंग्रजी-आयरिश कोश निघतो. घाईतला माणूस शब्दासमोरचा पहिला अर्थ उचलून चालता होतो. मास्तर शेवटच्या उदाहरणापर्यंत वाचतात, तेही मोठ्यानं. तरुण फोनमध्ये बघून काहीतरी टिपून घेतो आणि 'थँक यू' म्हणत सटकतो. मास्तर मागून ओरडतात, 'अरे, कातडीला शुद्धिपत्र जोडता येत नाही!' माणूस तापदायक खरा, पण यात खोटं काय आहे?

तापाचा मोठा वाटा घरच्या बाईंच्या पदरी येतो. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापद फिरवून परत द्यायचं. 'चहा पिणार?' 'पिणार.' 'कपभर चालेल?' 'चालेल.' मास्तरांना एका कानानं कमी ऐकू येतं. बाई स्वयंपाकघरातून विचारतात, त्यातला 'चहा' तेवढा मास्तरांपर्यंत पोचतो आणि ते ओरडतात, 'क्रियापद काय होतं?' क्रियापद कळल्याशिवाय होकार द्यायचा कसा?

बाई आताशा चहाचं तेवढं इंग्रजीत विचारतात. मास्तरांना ते मुळीच पसंत नाही, पण चहा गरम मिळतो.