इरोडोववाला

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दरवर्षी एक इरोडोववाला बारावी होऊन बाहेर पडतो आणि त्याच्या हातचं पुस्तक खालच्या इयत्तेतल्या पोराकडे जातं. पुस्तक भौतिकशास्त्राचं, इरोडोव या रशियन लेखकाचं, मॉस्कोच्या मीर प्रकाशनानं इंग्रजीत आणलेलं. आत सुमारे १९०० गणितं. चार पोरांच्या हातून गेलेलं आमचं पुस्तक पाचव्या पानापासून पुढे मात्र अगदी करकरीत आहे.

सध्याचा मानकरी तिसऱ्या मजल्यावर राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. तेव्हा त्वरण म्हणायचा, संवेग म्हणायचा, आणि आम्हाला कळायचंही. अकरावीत एका रात्रीत ॲक्सिलरेशन आणि मोमेंटम आलं, आणि घरच्यांशी बोलणं संपलं. ‘इंटिग्रेटेड’ला आहे. म्हणजे दिवसभर क्लास आणि कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलपुरतं. तिथेही रीडिंग घ्यायचं नसतं, बसवायचं असतं. उत्तर आधी लिहायचं आणि तक्ता खालून वर भरत जायचा. एकदा यानं प्रामाणिकपणे लंबक मोजला, तर g आला ८.२. सरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, ‘‘कुठल्या ग्रहावर राहतोस रे?’’

एच. सी. वर्मांच्या पुस्तकाचे दोन्ही भाग टेबलावर असतात. पण ते त्याच्या मते ‘बेसिक’. हे वर्मा आयआयटी कानपूरचे निवृत्त प्राध्यापक, पद्मश्री मिळालेले, आणि हा अजून त्यांच्या पहिल्या भागातल्या घर्षणाशी घासतोय. बालभारतीचं बारावीचं पुस्तक तर नाव काढण्याच्याही लायकीचं नाही. त्याच्या पहिल्याच धड्यात जत्रेतला ‘मौत का कुआं’ आहे. भिंतीवर फिरणाऱ्या मोटारसायकलचा किमान वेग हा तुम्हाला तोंडी सांगेल. स्वतः मात्र सोसायटीच्या उतारावर सायकल हातात धरून चालवत नेतो.

मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेल्या आईला त्यानं एकदा मुद्दाम मराठीत ऐकवलं, ‘‘बल वर, विस्थापन आडवं. म्हणजे सपाट रस्त्यावर तू केलेलं कार्य शून्य.’’ आई म्हणाली, ‘‘कार्य जानेवारीत आहे, मावशीकडे. तू येणार आहेस का ते सांग.’’ तो येणार नव्हता. जेईई होती.

पण खरी अडचण इरोडोवच्या पहिल्याच गणिताची. प्रवाहाच्या दिशेनं जाणारी मोटरबोट एका तराफ्याला मागे टाकते, ६० मिनिटांनी वळते आणि परत येताना तोच तराफा तिला आधीच्या जागेपासून ६ किलोमीटर खाली भेटतो. प्रवाहाचा वेग काढा. इंजिनाचा जोर तोच धरायचा. बोटीचा वेग दिलेला नाही, परतीचा वेळही नाही. अकरावीच्या जूनपासून तो तराफा पाण्यात आहे. दोन पावसाळे झाले.

गणपतीत दाभोळहून त्याचे आजोबा आले. उभा जन्म खाडीत होडी हाकलेले. नातू कागदावर v आणि u लिहून डोकं धरून बसलेला बघून त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’

त्यानं सांगितलं. आजोबांनी सुपारी कातरली.

‘‘तराफा कशानं जातोय?’’

‘‘प्रवाहानं.’’

‘‘आणि बोटीलाही तोच प्रवाह ओढतोय ना? मग त्याला मध्ये कशाला आणतोस? तराफ्यावर बसून बघ. बोट तासभर लांब गेली, तर परत यायला तासच लागेल. दोन तास झाले. तेवढ्यात तराफा किती गेला?’’

‘‘सहा.’’

‘‘मग तासाला तीन.’’

पोरानं मागची उत्तरं उघडून बघितली. तीनच होतं. त्यानं पुस्तक मिटलं, आजोबांकडे जरा संशयानं बघितलं आणि म्हणाला,

‘‘हो, पण आजोबा, बोर्डात स्टेप्सना मार्क असतात.’’