पिस्तूल, पण पैसे वसूल?

ओहायो राज्यात मॅन्सफील्ड म्हणून एक गाव आहे. 'द शॉशँक रिडेम्प्शन' या चित्रपटातला तो भव्य तुरुंग तिथलाच; त्या जुन्या सुधारगृहाची इमारत बघायला माणसं अजून तिकीट काढून जातात. गावाची दुसरी कीर्ती मात्र तिकीट लावण्याजोगी नाही. हाय-पॉइंट नावाची पिस्तुलं तिथे तयार होतात. बंदुकांचे शौकीन एरवी एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकून घेत नाहीत, पण हाय-पॉइंटचं नाव निघालं की सगळे मिळून हसतात.

हसू येण्यासारखं ते आहेच. त्यातलं 9 एमएमचं 'सी9' घ्या. रिकामं असतानाच वजन 800 ग्रॅमच्या वर, तेही सगळं डोक्याकडे. मॅगझीनमध्ये गोळ्या मावतात 8. त्याच गोळीचं ऑस्ट्रियन ग्लॉक 19 साधारण 600 ग्रॅमचं, आणि त्यात 15 गोळ्या. शिवाय साफसफाईला ग्लॉक क्षणात सुटं होतं. सी9 उघडायचं तर हातोडी घेऊन एक पिन ठोकून बाहेर काढावी लागते. एवढं ऐकवून झाल्यावर दुकानदार किमती सांगतो आणि माणूस विचारात पडतो. ग्लॉक 500 डॉलरच्या पुढे. हाय-पॉइंट 200 च्या आत.

विचारात पडलेला माणूस म्हणजे कोलंबसच्या आमच्या मराठी गोतावळ्यातले एक काका. निवृत्त, नागरिकत्व मिळून जमाना झालेला, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांच्या गल्लीत एकाच्या गॅरेजमधून गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं आणि इकडे काकांची झोप गेली. सोबतीला त्यांनी मला निवडलं ते बंदुकीतलं मला काही कळतं म्हणून नक्कीच नाही. कुठलीही वस्तू घेण्याआधी मी इतका अभ्यास करतो की तेवढ्यात ती बाजारातून जाते, असा माझा लौकिक आहे.

अभ्यासाअंती हाय-पॉइंटबद्दल माझं मत मात्र सुधारलं. गोळी सुटते तेव्हा तिला पुढे जेवढा रेटा बसतो, तेवढाच वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे स्लाइडला, मागे बसतो. स्लाइड लगेच मागे गेली तर पुंगळी अर्धवट बाहेर येऊन फुटायची. म्हणून बहुतेक 9 एमएम पिस्तुलांत नळी आणि स्लाइड निमिषभर एकमेकींत अडकून राहतात. दाब उतरला की नळीचं मागचं टोक जरा खाली कलतं आणि दोघी सुटतात. ही युक्ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाची, शंभर वर्षांहून जुनी, आणि तिला लागणारं नेमकं कातकाम महागात पडतं. हाय-पॉइंटवाल्यांनी ती भानगडच काढून टाकली. तिथे काहीच अडकत नाही. दाराला कडी लावण्याऐवजी मागे पाटा-वरवंटा टेकवून ठेवावा तसा हा प्रकार: स्लाइडच एवढी जड केली, की ती हलायला आढेवेढे घेते आणि तेवढ्यात गोळी नळीतून निघून गेलेली असते. स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. नळी मात्र पोलादी. कुरूपपणाला इतकं तर्कशुद्ध कारण फार थोड्या वस्तूंकडे असतं. माणसांकडे तर नसतंच.

कंपनीही मनाने दिलदार असावी. 2019 मध्ये तिने नव्या पिस्तुलाचं बारसं लोकांवर सोपवलं. लोक ते लोकच. थट्टेत सुचवलेलं 'यीट कॅनन' हे नाव, म्हणजे अंगावर भिरकावून मारायची तोफ, मतांत पुढे गेलं. कंपनीने थोडी खळखळ केली आणि शेवटी ते पिस्तुलावर कोरून विकलंसुद्धा. वर आजन्म हमी. पिस्तूल कितव्या हाताने का घेतलेलं असेना, बिघडलं तर कारखान्यात दुरुस्त करून देतात. काकांना ही हमी भलतीच आवडली. त्यांनी दुकानदाराला फक्त एवढंच विचारलं, की आजन्म म्हणजे कुणाचा जन्म धरायचा, पिस्तुलाचा की माझा? दुकानदाराने त्यांच्याकडे आपादमस्तक बघून घेतलं आणि म्हणाला, पिस्तुलाचा धरलेला बरा.

मधल्या किमतीत ब्राझीलचं टॉरस होतं. या कंपनीने हरियाणात हिसारला जिंदालांच्या भागीदारीत कारखाना काढलाय, असं मी सांगताच काकांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे तिकडे रुपयांत मिळेल?" मी म्हटलं, काका, तिकडे 9 एमएम सामान्य माणसाला ठेवताच येत नाही. .32 चं चालतं, तेही 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना हातात पडला तर. सरकारी कारखान्याने 2014 साली बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत लाखाच्या वर होती. काका गप्प झाले. ते मूळचे खडकीचे. तिथला काडतुसांचा कारखाना 1869 पासूनचा, काकांचे वडील तिथेच नोकरीला. सगळं बालपण भोंग्यावर घड्याळ लावण्यात गेलं. पण गोळी हातात घेतली ती परवा, सत्तरी ओलांडल्यावर, ओहायोतल्या दुकानात.

इथे सगळं सोपं. एक फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो, उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं. काकांच्या पासपोर्टच्या पोलीस चौकशीला याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता. त्या फॉर्ममध्ये एक गंमत आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक विकत घ्यायला मनाई आहे, मात्र त्याच्याकडे शिकारीचा चालू परवाना असेल तर हरकत नाही. आमच्यातली निम्मी मुलं एच-1बीवर, ग्रीनकार्डच्या रांगेत केस पांढरे करताहेत. त्यांतला एखादा कांदा-लसूणही न खाणारा मुलगा उद्या स्वसंरक्षणासाठी हरणाच्या शिकारीचा परवाना काढून येईल, आणि कायद्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. हरणांनीही फार मनाला लावून घेऊ नये: पिस्तुलाच्या विक्रीवर कारखानदाराला 10 टक्के केंद्रीय कर पडतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाकडे जातो.

स्वस्त पिस्तुलाच्या टवाळीला एक जुना इतिहास आहे आणि तो तितकासा विनोदी नाही. 1968 च्या कायद्याने लहान, स्वस्त परदेशी पिस्तुलांची आयात बंद पडली. बंदी फक्त आयातीवर होती, त्यामुळे लॉस एंजेलिसच्या आसपास तसलीच पिस्तुलं बनवणारे कारखाने उगवले. जस्ताची, खिशात मावणारी, कवडीमोलाची ही पिस्तुलं गुन्ह्यांत सापडायची, म्हणून ती वाईट, असं एक बाजू म्हणायची. दुसरी विचारायची, की जिथे रात्री भीती वाटते त्या वस्तीतल्या माणसाला महागडं पिस्तूल कोण घेऊन देणार? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. फक्त हाय-पॉइंटला हसणाऱ्यांच्या हसण्यात यंत्रशास्त्र किती आणि 'त्या लोकांची वस्तू' हा भाव किती, ते त्यांनी एकदा तपासावं. महागडी गाडी घेतलेला माणूस बसस्टॉपकडे बघून असाच हसतो.

काकांनी दुकानातच बिलाच्या मागे हिशोब मांडला. सरावाच्या 50 गोळ्यांची पेटी साधारण 15 डॉलरला. हजार गोळ्या झाडल्याशिवाय हात बसत नाही, असं दुकानदार म्हणाला, म्हणजे तिथेच 300. रेंजचं भाडं, कानांवरचे मफ, डोळ्यांवरचा चष्मा. नातवंडं येतात म्हणून कुलपाची पेटी, आणि ती धड असावी, म्हणजे तीही पिस्तुलाच्या निम्म्या किमतीची. हे सगळं टाळून नुसतं पिस्तूल उशाशी ठेवणं म्हणजे आपणच एक नवी भीती घरात आणून ठेवणं. पिस्तुलात वाचवलेले 300 डॉलर या यादीपुढे बघताबघता नाहीसे झाले. मला विचाराल तर स्वस्त पिस्तूल घ्यायला हरकत नाही. स्वस्तात पिस्तूल घेऊ नये. सरावाला पैसे नसतील तर ग्लॉकही वायाच.

पण काकांचं घोडं आणखी पुढे अडलं होतं. आपल्याकडे वस्तू परवडली की नाही हे ती किती वापरली त्यावर ठरतं. कुकर, बूट, सुटकेस, सगळ्यांना तोच न्याय. "हे कधीच वापरावं लागलं नाही तर पैसे फुकट," काका म्हणाले, "आणि वापरावं लागलं तर?" मी उत्तर दिलं नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हेही माझ्या अभ्यासात होतं. ते काउंटरवर उभं राहून सांगायचं नसतं. घरी परतताना गाडीत सांगितलं. काका बराच वेळ खिडकीतून मक्याची शेतं बघत होते.

काकूंना मोहिमेचा पत्ता नव्हता. चहा देताना त्यांनी बिलाची ती मागची बाजू वाचली, एकूण आकडा दोनदा वाचला.

"अहो, त्यांनी नेलेलं ते गवताचं यंत्र केवढ्याचं होतं?"

काका म्हणाले, प्रश्न तो नाही. आणि घाई कसलीच नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी या दुकानांत मोठा सेल लागतो, लोक पहाटेपासून रांगा लावतात. हाय-पॉइंट घ्यायचं की टॉरस, ते तेव्हा बघू. तोवर हा मला आणखी माहिती काढून देईल.

"चालेल," काकू कप उचलत म्हणाल्या. "तेवढं चोराला नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगा."